पिंपाच्या देशातली द्राक्षं

बोईसरच्या चाळींच्या मागच्या अंगाला, चिंचणीतल्या परसात, पालघरच्या नव्या इमारतींच्या जिन्याखाली एक वस्तू हटकून दिसते. निळं पिंप. नळाला पाणी येईल तेव्हा ते भरून ठेवायचं, लग्नाच्या मांडवात ते पाहुण्यांसाठी मांडायचं, घराचं बांधकाम निघालं की गवंड्याच्या हाताशी द्यायचं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तर कितीतरी माल पिंपांतून येतो आणि पिंपांतूनच बाहेर जातो. हा शब्द आपल्या तोंडात इतका मुरला आहे की तो आला कुठून, हा प्रश्न पडत नाही.

तो पोर्तुगालहून आला. मूळ शब्द ‘पीपा’. पोर्तुगालमध्ये पीपा म्हणजे वाइनचं मोठं लाकडी पिंप. तिथल्या दोरू नदीच्या खोऱ्यात वाइनचं उत्पादन आजही पीपात मोजतात. एक पीपा म्हणजे ५५० लिटर. आपल्याकडे पिंप राहिलं, त्यातली वाइन तेवढी गेली.

हे पिंप आपल्या किनाऱ्यावर उतरलं तो इतिहास आपल्या पायाखालीच आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतलं. मग तारापूर, डहाणू, शिरगाव, केळवे-माहीम असा सगळा पट्टा त्यांच्या ‘उत्तर प्रांता’त आला. जवळजवळ दोनशे वर्षं इथल्या किल्ल्यांवर त्यांचं निशाण होतं. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेनं तारापूरचा किल्ला लढून घेतला. बाजी भिवराव रेठरेकर त्या लढाईत पडले. मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर प्रांत संपल्यात जमा झाला.

पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या जहाजांतून आलेली झाडं गेली नाहीत. काजू, पेरू, पपई, अननस, मिरची, बटाटा ही सगळी मूळची अमेरिकेतली. आज त्यांच्यावाचून आपला बाजार भरत नाही. पोर्तुगीजांचा स्वतःचा जीव मात्र ज्या फळात अडकलेला, ते द्राक्ष या किनाऱ्यावर रुजलं नाही. चर्चमधल्या मिस्सेला द्राक्षाचीच वाइन लागते, म्हणून ती पिंपं भरभरून लिस्बनहून आणावी लागे. जहाजं मार्च-एप्रिलमध्ये तिकडून निघायची आणि आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागायची.

काजू लागला आणि द्राक्ष का लागलं नाही? या प्रश्नाचा माग काढत गेलं की पोर्तुगालच्या द्राक्षांची सगळी कथा उलगडते. शेवटी ती आपल्या घोलवडच्या चिकूपाशी येऊन थांबते.

झोपणारी वेल

द्राक्षवेल ही झोप घेणारी वेल आहे. युरोपात नोव्हेंबरमध्ये तिची पानं गळतात आणि थंडीभर ती काडीसारखी निजून राहते. मार्चमध्ये डोळे फुटतात, मे-जूनमध्ये फुलोरा येतो, सप्टेंबरमध्ये घड उतरतात. पोर्तुगालचा पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, म्हणजे वेल झोपलेली असताना. फळ भरण्याचे महिने कोरडे आणि उन्हाचे असतात. तिथल्या निसर्गानं पाऊस आणि फळ यांची गाठच पडू दिलेली नाही.

पालघरमध्ये सगळं उलटं. इथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तोही उबदार दिवसांत. हिवाळा असा येतो की शाल काढेपर्यंत संपतो. वेलीला झोपच लागत नाही. ती वर्षभर पालवत राहते आणि थकते. त्यात समुद्राची दमट हवा. ओलं पान, उबदार रात्र आणि कोंदलेला वारा मिळाला की केवडा आणि करपा हे बुरशीचे रोग बाग बसवतात.

इथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर नाशिक आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे आणि तो निम्म्याहून अधिक पाऊस आपल्याकडेच अडवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे हिवाळ्यातल्या रात्री थंड. तरी तिथेही वेल आपणहून निजत नाही. शेतकरी तिला कात्रीनं निजवतो आणि कात्रीनंच उठवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी. वर्षात दोनदा कापायचं आणि पीक एकदाच घ्यायचं. पावसाळा वेलीनं नुसत्या काड्या पिकवण्यात घालवायचा आणि फळ कोरड्या थंडीत भरायचं. युरोपातल्या ऋतूंनी जे फुकट दिलं, ते नाशिकच्या बागायतदारानं छाटणीनं कमावलं आहे.

मात्र नाशिकमध्ये वाइनसाठी जी द्राक्षं लावली जातात, त्यांची नावं शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ अशी आहेत. सगळी फ्रेंच घराणी. ऑस्ट्रेलिया, चिली, दक्षिण आफ्रिका, कॅलिफोर्निया कुठेही गेलात तरी थोड्याफार फरकानं हीच मंडळी भेटतात. जगभरची वाइन अशी मोजक्या वाणांवर उभी असताना पोर्तुगाल वेगळा निघाला. महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असलेल्या या देशात २५० हून अधिक देशी द्राक्षवाण आजही शेतात आहेत.

मांडवाखालचा मुलूख

पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात, स्पेनच्या सीमेला लागून मिन्यु नावाचा प्रदेश आहे. अटलांटिकचे ढग आधी इथे अडतात, म्हणून हा देशातला सर्वांत हिरवा आणि ओला भाग. जमीन ग्रॅनाइटची, शेतं तुकड्यातुकड्यांची. आपल्याकडचा माणूस तिथे गेला तर त्याला पहिली ओळख पटेल ती मांडवाची. केळवे-माहीमच्या वाड्यांत पानवेल जशी आधार धरून वर चढते, तोंडली-पडवळाला जसा आपण मांडव घालतो, तशी मिन्युतली द्राक्षवेल पूर्वापार उंच मांडवावर किंवा थेट झाडांवर चढवलेली असे. याला दोन कारणं. वेल जमिनीपासून वर राहिली की खालून वारा खेळतो, पानं लवकर सुकतात, बुरशी कमी धरते. दुसरं असं की कुटुंबाकडे जमीन थोडी, म्हणून वर द्राक्ष आणि खाली मका, भाजी, जनावरांचा चारा. गुंठ्यांत शेती करणाऱ्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

इथल्या वाइनला ‘विन्यु व्हेर्द’ म्हणतात. शब्दशः अर्थ हिरवी वाइन, म्हणजे कोवळी, लवकर प्यायची. ती हलकी, आंबटसर आणि जिभेवर थोडी चुरचुरणारी असते. पाऊस आणि ढगांमुळे द्राक्षात साखर कमी भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. वाइनमध्ये अल्कोहोल साखरेतूनच तयार होतं. साखर कमी, म्हणून वाइन हलकी.

या एका प्रदेशातही वाण जागेप्रमाणे बदलत जातात. उत्तरेला मोन्सांव आणि मेल्गासूच्या खोऱ्यात डोंगर समुद्राचा वारा अडवतात, तिथे ऊन थोडं जास्त. तिथलं द्राक्ष आल्वारिन्यु: जाड सालीचं, कमी रसाचं, दमदार चवीचं. समुद्राच्या बाजूला लोरेइरु. या नावाचा अर्थ तमालपत्राच्या जातीचं झाड, कारण या द्राक्षाच्या वाइनला तसा सुवास येतो. आतल्या बाजूला आव्हेसू आणि आझाल. खोरं बदललं की वाण बदलतो, आणि गावकऱ्याला त्यात नवल वाटत नाही.

दगडांनी आखलेली सीमा

मिन्युतून पूर्वेला डोंगर ओलांडले की पावसाची साथ सुटते. नाशिक-इगतपुरीच्या घाटावर जशी हवा एकदम बदलते तसंच. समोर दोरू नदीचं खोरं येतं. उन्हाळा भाजून काढणारा, हिवाळा गोठवणारा. माती जवळजवळ नाहीच. आहे तो शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा दगड. शेकडो वर्षं लोकांनी तो पहारीनं फोडला, त्याच्याच गडग्यांच्या भिंती रचल्या आणि उभ्या उतारावर पायऱ्या काढल्या. हा दगड उभा चिरतो. त्या चिरांतून वेलीची मुळं कित्येक मीटर खोल पाण्याच्या शोधात जातात, आणि दिवसा तापलेला दगड रात्री घडांना ऊब देतो. २००१ मध्ये युनेस्कोनं या खोऱ्याला जागतिक वारसा म्हटलं.

पोर्ट वाइन इथलीच. द्राक्षं ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत टाकून माणसं खांद्याला खांदा लावून पायांनी तुडवतात. काही ठिकाणी आजही. पायांनी साल फुटते, रंग सुटतो, पण बी चिरडत नाही आणि कडवटपणा उतरत नाही. रस आंबू लागतो. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवत असतं. साधारण निम्मी साखर उरलेली असताना त्यात द्राक्षाचाच ७७ टक्क्यांचा अर्क ओततात. इतक्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते आणि तिच्यात सुमारे २० टक्के अल्कोहोल असतं. अर्क घातलेली वाइन जहाजावर नासत नसे, आणि तिचं मोठं गिऱ्हाईक समुद्रापलीकडच्या इंग्लंडमध्ये होतं. १७०३ च्या मेथ्युएन करारानं इंग्लंडनं पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशानं कमी ठेवली होती.

मागणी वाढली तशी भेसळ वाढली. कुठलीही पातळ वाइन आणायची, रंगासाठी एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस मिसळायचा आणि दोरूच्या नावानं विकायची. भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचा कारभार सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यु, म्हणजे पुढे मार्किस द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला मंत्री, पाहत होता. १७५६ मध्ये त्यानं दोरूच्या वाइनसाठी कंपनी स्थापन केली आणि कुठल्या जमिनीची वाइन या नावानं विकता येईल, ती सीमाच आखायला घेतली. सीमेवर ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवले गेले. एल्डरची झुडपं उपटायचा हुकूम निघाला. हे काम हळुवार हातांनी झालं नाही. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ मध्ये पोर्तू शहरातले छोटे गुत्तेवाले आणि गरीब लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांना फाशीपर्यंतच्या शिक्षा झाल्या. तरी ती रेषा टिकली. कायद्यानं असा बांधलेला दोरू हा जगातल्या सर्वांत जुन्या वाइन-प्रदेशांपैकी एक.

तारापूर हातचं गेल्यानंतर अवघ्या सतरा वर्षांत हे घडलं. इथला मुलूख गमावलेल्या पोर्तुगीजांनी घरच्या एका खोऱ्याला दगड लावून जपायला सुरुवात केली.

दोरूच्या जुन्या बागेत एकाच बांधावर वीस-तीस वाण मिसळून लावलेले असतात. शेतकऱ्याचा विचार विम्यासारखा असे: एका वाणाला कडक ऊन लागलं तर दुसरा तरेल, एकानं रंग द्यावा, दुसऱ्यानं आंबटपणा, तिसऱ्यानं सुवास. सगळं एकाच वेळी तोडून एकाच हौदात. पण कोणता वाण नेमकं काय देतो, हे कुणी वेगळं करून पाहिलेलं नव्हतं. १९८१ मध्ये जुझे रोझास आणि जुआंव निकोलाव द आल्मेदा या मामा-भाच्यांनी तो अभ्यास मांडला आणि पाच वाण पुढे आणले: तुरीगा नासिओनाल, तुरीगा फ्रांका, तिंता रोरीझ, तिंता बार्रोका आणि तिंतु काँव.

यातल्या तुरीगा नासिओनालचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं. मणी बारीक, साल जाड, रंग गडद, सुवास व्हायोलेटच्या फुलांसारखा. पण उतारा फारच थोडा. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या रोगाच्या साथीनंतर शेतकऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि ती जवळजवळ दिसेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगल्या वेली निवडून तिची पुन्हा लागवड झाली. आज ती पोर्तुगालची सर्वांत मानाची द्राक्षजात आहे. वाड्याच्या कोलमची, लोक ज्याला झिनी म्हणतात त्या तांदळाची, गोष्टही याच वळणाची. दाणा बारीक, वास गोड, उतारा कमी. म्हणून जास्त पिकणाऱ्या संकरित भातांपुढे तो मागे सरला. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भारत पाहून आलेली वाइन

पोर्तुगालपासून दूर अटलांटिकमध्ये मदेरा बेट आहे. नाव ऐकून आपल्याला ‘मदिरा’ आठवते, पण हा कानाचा योगायोग. पोर्तुगीजमध्ये मदेरा म्हणजे लाकूड. बेटावर दाट जंगल होतं म्हणून हे नाव. भारताकडे येणारी जहाजं इथे पाणी आणि वाइन भरून घेत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात पिंपं तापत, हेलकावत. एरवी अशा उष्णतेनं वाइन बिघडते. मदेराची मात्र खुलते, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं. मग भारतापर्यंत जाऊन परत आलेल्या पिंपांना जास्त भाव मिळू लागला. अशा वाइनला ‘विन्यु दा रोदा’, म्हणजे फेरा घालून आलेली वाइन, असं नाव पडलं. पुढे जहाजाचा खर्च वाचवायला बेटावरच उबदार खोल्यांत आणि माळ्यांवर पिंपं ठेवून तोच परिणाम साधू लागले.

इथले चार पांढरे वाण सेर्सियाल, व्हेर्देल्यु, बुआल आणि माल्व्हाझिया. डोंगरात जितकं वर जावं तितकी हवा थंड, म्हणून आंबट सेर्सियाल उंचावर आणि गोड माल्व्हाझिया समुद्राजवळच्या उबेत. बेटावर डोंगरातलं पाणी शेतात आणणारे अरुंद पाट आहेत. त्यांना ‘लेव्हादा’ म्हणतात. ओढ्यावर बांध घालून वाडीला पाटाचं पाणी देणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ न सांगता कळेल.

नावात बरंच काही असतं

पोर्तुगीज द्राक्षांची नावं शास्त्रज्ञांनी ठेवलेली नाहीत. ती शेतात राबणाऱ्यांच्या तोंडून आली आहेत. सेर्सियालचं मुख्य भूमीवरचं नाव ‘एश्गाना काँव’, म्हणजे कुत्र्याचा गळा घोटणारी. ती इतकी आंबट असते. ‘राबु द ओव्हेल्या’ म्हणजे मेंढीची शेपटी, कारण घडाचा आकार तसा. बिकाल नावाच्या वाणावर पिकताना तपकिरी ठिपके पडतात, म्हणून लोक त्याला ‘माशांनी घाण केलेली’ असंच म्हणतात. आणि वरच्या पाचांतल्या तिंतु काँवचा अर्थ तांबडा कुत्रा.

आपल्याकडेही नावं अशीच पडतात. वसईच्या वाड्यांतली केळी घ्या. मुठीत मावणारी मुठेळी, वेलचीसारखी नाजूक वेलची, आणि जिची सुकेळी होते ती राजेळी. चिकूत कालीपत्ती. घाटावरच्या द्राक्षांतला तास-ए-गणेश हा वाण नावातच तासगाव वागवतो, तर सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत निवडलेले सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण महाराष्ट्रभर पसरले. एखाद्या वाणाला नाव देणं म्हणजे त्याच्याकडे नीट पाहणं. नाव गेलं की पाहणंही जातं आणि उरतं ते नुसतं ‘केळं’, नुसतं ‘द्राक्ष’.

नावांचा एक गोंधळही आहे. दोरूतली तिंता रोरीझ दक्षिणेत आरागोनेझ म्हणून ओळखली जाते, आणि स्पेनमध्ये तिचंच नाव टेम्प्रानियो. आपल्या नाशिक भागातही टेम्प्रानियो लावलेली आहे, म्हणजे पोर्ट वाइनच्या पाचांपैकी एक बहीण सह्याद्रीपलीकडे येऊन राहिली आहे.

वाणाचं नाव एकच असलं तरी त्यातली प्रत्येक वेल सारखी नसते. शेकडो वर्षं काडीपासून काडी लावताना बारीक बारीक फरक साचत जातात. तेही हरवू नयेत म्हणून २००९ मध्ये पोर्तुगालमध्ये पोर्विड ही संस्था उभी राहिली. देशभरच्या जुन्या बागा फिरून, एकाच वाणाच्या वेगवेगळ्या वेलींच्या काड्या गोळा करून ती एका ठिकाणी लावून ठेवते. उद्या हवा आणखी तापली, पाऊस हुकला, तर उत्तर कदाचित एखाद्या विस्मृत वेलीपाशी असेल, हा त्यामागचा विचार.

चुना, रांजण आणि वाळू

बाकीचा देशही असाच मातीगणिक बदलत जातो. दांव हा डोंगरांनी वेढलेला ग्रॅनाइटचा प्रदेश. तुरीगा नासिओनालचं माहेर इथलंच समजतात, आणि एन्क्रुझादु हा पांढरा वाण इथला खास. शेजारच्या बाइरादात चुनखडीची चिकणमाती आणि बागा नावाचं काळं, तुरट द्राक्ष. चुन्याचा प्रताप आपल्यालाही ठाऊक आहे. घोलवडच्या चिकूची जी वेगळी गोडी आहे, तिचं श्रेय तिथल्या कॅल्शियमयुक्त जमिनीला दिलं जातं.

दक्षिणेला आलेंतेझु. बुचाच्या झाडांचा, गव्हाच्या शेतांचा सपाट, रणरणता मुलूख. इथे रोमन काळापासून चालत आलेल्या पद्धतीनं मोठमोठ्या मातीच्या रांजणांत वाइन करतात. द्राक्षं सालीसकट रांजणात जातात, वर आलेला सालींचा थर लाकडी दांड्यानं रोज खाली ढकलतात, आणि ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, रांजण उघडतात. इथला नावाजलेला काळा वाण आलिकांते बूशे. तो पोर्तुगीज नाहीच. एकोणिसाव्या शतकात आंरी बूशे या फ्रेंच माणसानं संकरातून तो तयार केला. फ्रान्सनं त्याला हलकं मानलं. आलेंतेझुच्या उन्हात तो असा खुलला की आज तिथले लोक त्याला घरचाच धरतात.

आणि लिस्बनजवळ समुद्रकाठी कोलारेश. इथली माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपलाच किनारा आठवला. केळव्याच्या, शिरगावच्या पुळणीमागे वारा अडवायला सुरूची बनं आहेत. कोलारेशमध्ये बोरूच्या चटयांचे आडोसे उभे करतात आणि त्यांच्यामागे वेली वाळूवर लोळत वाढतात. वाळूखाली चिकणमाती असते. वेल त्या मातीत लावायची म्हणून माणसं कित्येक फूट खोल चर खणत. कडा ढासळून वाळू अंगावर आली तर श्वासाला जागा राहावी म्हणून ती डोक्यावर टोपली घालून काम करत. एवढ्या कष्टानं लावलेलं इथलं काळं द्राक्ष रामिश्कु.

त्याच वाळूनं रामिश्कुला वाचवलं. १८६० च्या दशकात अमेरिकेहून आलेल्या फिलॉक्सेरा या सूक्ष्म किडीनं युरोपच्या द्राक्षबागा मुळापासून पोखरल्या. शेतकरी देशोधडीला लागले. फिलॉक्सेरा मातीच्या भेगांतून एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जाते. सुट्या वाळूत तिला वाट सापडत नाही. सगळा युरोप उजाड होत असताना कोलारेश हिरवं राहिलं, आणि तिथल्या वेली अजूनही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

इतरांनी काय केलं? ज्या अमेरिकेनं कीड पाठवली तिथल्याच रानवेलींच्या मुळांना ती सोसायची सवय होती. म्हणून खाली अमेरिकी खुंट आणि वर आपली काडी, असं कलम बांधण्यात आलं. आज तुरीगा असो, आल्वारिन्यु असो, जवळजवळ सगळी पोर्तुगीज द्राक्षं अमेरिकी मुळांवर उभी आहेत. नाशिक-सांगलीकडचा बागायतदार कोरडवाहू, खारट जमिनीसाठी डॉगरिज खुंट लावतो, तोही अमेरिकीच.

भेट कलम

आता घोलवडला या. चिकू मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेचा. घोलवडच्या भागात तो १८९८ च्या सुमारास लागला, आणि पारशी, इराणी बागायतदारांनी तो जोपासला. आज पालघर जिल्ह्यात सुमारे ५,००० हेक्टरवर चिकू आहे. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये त्या मानांकनाचा चिकू ब्रिटनला रवाना झाला. बोर्डीत याच फळापासून वाइनही बनते.

चिकूचं रोप कसं तयार होतं, ते एकदा घोलवडकडच्या एका रोपवाटिकेत उभं राहून पाहावं. खुंट असतो खिरणीचा. खिरणी, म्हणजे रायण, आपल्या रानातलं जुनं झाड. वाढीला सावकाश, पण मुळांनी चिवट. कुंडीतलं खिरणीचं रोप चिकूच्या झाडाशेजारी उंच टांगतात. दोघांच्या सालीचा तासलेला भाग एकमेकांना भिडवून पट्टीनं बांधतात. दोन-तीन महिने दोघंही आपापल्या मुळांवर जगत असतात आणि आतून एकमेकांत मिसळत असतात. सांधा पक्का झाला की मगच चिकूची फांदी आईपासून आणि खिरणीचा शेंडा खुंटापासून कापतात. या पद्धतीला माळी ‘भेट कलम’ म्हणतात.

पोर्तुगालचं द्राक्ष वर देशी, खाली अमेरिकी. आपला चिकू वर अमेरिकी, खाली देशी. आणि दोन्ही आपापल्या मुलखाची ओळख झाले आहेत. देशीपणाला जन्मदाखला पुरत नाही, हे आलिकांते बूशे आणि कालीपत्ती दोघंही सांगतात. कुणीतरी नाव ठेवावं लागतं, मातीची खूण ओळखावी लागते, कमी पिकलं त्या वर्षीही झाड तोडायचं नाही असं ठरवावं लागतं. पोर्तुगालनं हे काही अंशी नाइलाजानं केलं. देश गरीब होता, विसाव्या शतकात हुकूमशाहीखाली बराच काळ जगापासून बंद राहिला, छोट्या शेतकऱ्याकडे आजोबांच्या वेली उपटून फ्रेंच वाण लावायला पैसे नव्हते. १९८६ मध्ये तो युरोपीय समुदायात आला तेव्हा जे मागासलेपण वाटत होतं तीच त्याची श्रीमंती ठरली.

सीमा आखायची पद्धतही आपल्याला अनोळखी नाही. १९९१ मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यावर देखरेख करणारं प्राधिकरण बसलं. दगडाचे खांब नव्हते, पण रेषा होती. तिच्या एका बाजूला चिकूच्या वाड्या आहेत आणि जवळच तारापूरचे कारखाने. दोन्हीकडची माणसं आपलीच आहेत, दोघांनाही पोट आहे. म्हणूनच वाडीची किंमत कशात असते हे कारखान्यात काम करणाऱ्यालाही माहीत असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. कायदा रेषा आखतो. ती टिकते फळ ओळखणाऱ्या गिऱ्हाइकामुळे.

सुरुवात साधी आहे. पालघर किंवा बोईसर स्टेशनबाहेर उन्हाळा सरताना पाटी घेऊन बसलेल्या बाईंना विचारायचं, “मावशी, जांभळं कुठली?” त्या म्हणतील, “बहाडोलीची.” या जांभळालाही आता भौगोलिक मानांकन आहे. भाव थोडा जास्त असेल. तरी घ्यायची, आणि घरी मुलांच्या हातावर ठेवताना नुसतं ‘जांभूळ’ न म्हणता गावाचं नाव घेऊन द्यायची.